तारा सिस्टरचं कुंकू

सर्जेराव सुभेदारांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच विचारलं, की मयतावर घालायला कापड पांढरं आणायचं की हिरवं. खातीपुऱ्यातल्या मराठी घरांत कुणाचं काही झालं, की सुभेदार अशी कामं न सांगता अंगावर घेत. बांबू आणायला त्यांनी छावणीतून माणसं धाडली होती. कापडाचं त्यांनी रीत म्हणून विचारलं, एवढंच. तारा सिस्टर कोण होत्या हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. जनानी वॉर्डातल्या वडीलधाऱ्या नर्स, कमी वयात नवरा गेला, धाकट्या भावाला घेऊन जयपूरला आल्या आणि दोन पोरं इस्पितळाच्या पगारावर शिकवली.

"पांढरं," सिस्टरांचा मुलगा राजन म्हणाला.

"हिरवं," अनुसया मावशी म्हणाली.

राजनच्या धाकट्या बहिणीला, शालिनीला वाटलं, पहाटेपासून रडून मावशीचं भान सुटलं असेल. आईच्या आजारपणासाठी ती कोल्हापूरहून आली होती आणि तेव्हापासून तिच्या उशापासून हलली नव्हती. स्वतः विधवा, साध्या काठाचं फिकं लुगडं नेसलेली. राजनने सुभेदारांना थोडं थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

आत चौघंच उरली. आई सारवल्या जमिनीवर चटईवर होती. गिरिजाने, राजनच्या बायकोने, तिचं सगळं इस्पितळात करतात तसं केलं होतं. डोळे मिटवून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या, हनुवटीखालून पट्टी, हातपाय सरळ. ती त्याच इस्पितळात स्टाफ नर्स होती. शालिनी हे सगळं दाराशी उभी राहून बघत होती. कॉलेजात मुलींना इतिहास शिकवणाऱ्या बाईला मेलेल्या माणसाचं काहीच करता येत नाही, हे तिला आज कळलं होतं.

गिरिजाने ट्रंकेतून आईचं पांढरं पातळ काढलं होतं. मावशीने ते तिच्या हातून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"तिचा नवरा बाहेर पायरीवर बसलाय," मावशी म्हणाली. "मी तिला पांढऱ्यात जाऊ द्यायची नाही."

शालिनीने खिडकीतून बाहेर बघितलं. पायरीशी दोनच माणसं होती. सुभेदार उभे होते. क्षणभर तिच्या मनात सुभेदारांचंच नाव आलं, इतकं ते दुसरं माणूस तिच्या हिशेबात बसत नव्हतं. दुसरे श्रीपादमामा होते. पौषाच्या उन्हात शाल लपेटून, कामातून गेलेला उजवा हात मांडीवर ठेवून बसले होते.

तिने मागे वळून राजनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली होती. त्याच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. मावशीच्या वाक्यापेक्षा शालिनीच्या अंगावर आली ती ही गोष्ट.

"दादा, तुला माहीत होतं."

राजनने खिडकीचं दार ओढून घेतलं.

मग मावशीने सांगितलं ते असं. श्रीपाद कोल्हापूरला छापखान्यात होते. यंत्रात हात सापडला आणि बोटं गेली. घरात दुसरं मिळवणारं कुणी नाही. मावशीचे यजमान त्या वेळी इथे तारखात्यात होते, त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. राजन सात वर्षांचा, शालिनी अजून अंगावर पीत होती. इस्पितळात नर्सिंग शिकायला बायका हव्यात असं कळलं, म्हणून मावशीचे यजमान ताराला घेऊन गेले. मावशीही बरोबर होती. मेट्रन गोरी बाई. तिने पहिलाच प्रश्न विचारला, लग्न झालंय का. त्या काळी नवरा असलेली बाई नर्स म्हणून घेत नसत. ती रात्रंदिवस होस्टेलात राहायची, वॉर्डातच खपायची, अशी बाई कुणाची बायको कशी असेल. कुमारिका चाले, नाहीतर विधवा. तारा तोंड उघडायच्या आत मावशीचे यजमान बोलून गेले, की ही विधवा आहे. मेट्रनने कपाळाकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, आमच्यात मुलांसाठी लावतात. त्या बाईला काय कळतंय. तिने घेतलं.

"परत येताना रस्त्यात नळ होता," मावशी म्हणाली. "तिथे थांबली. पदर ओला केला आणि कपाळ पुसलं. मी म्हटलं, अगं घरी तरी जाऊन पूस. तर म्हणाली, घरी गेले तर माझ्याच्यानं व्हायचं नाही."

आणि घरी आल्यावर सगळ्यांनी बसून ठरवलं, की श्रीपाद आता ताराचे भाऊ. विधवा बहीण भावाच्या आधाराने राहते, यात बोट ठेवायला कुणाला जागा नाही. आडनाव सगळ्यांचं एकच, तर सासर-माहेरचं एकच आहे असं सांगायचं, इथे परमुलखात चौकशी कोण करतो.

शालिनी भिंतीला टेकून खाली बसली. तिचं मन मागे मागे जात होतं आणि जाईल तिथे त्याला ठेच लागत होती. शेजारच्या राजस्थानी बायका राखीच्या दिवशी ताट सजवून बसत, पण आईची राखीला ड्युटी असे. भाऊबीजेला ड्युटी असे. सणाच्या दिवशी दुसऱ्या सिस्टरांना घरी जाऊ देते आणि स्वतः वॉर्ड सांभाळते, म्हणून इस्पितळात तिचं केवढं नाव होतं. शालिनीलाही त्याचा अभिमान होता. वडिलांचं श्राद्ध राजनने कधी घातलं नाही. आई म्हणायची, पितृपक्षात मी पेशंटांना दूध वाटते, तेच श्राद्ध समज. आणि आपण शाळेतल्या मैत्रिणींना अंगणात बसून सांगायचो, की माझे वडील विषमज्वराने गेले. मामा तिथेच पलीकडे भाजी निवडत असायचे. एकदाही त्यांनी मान वर केली नाही.

"तू मला सांगायला हवं होतंस," ती राजनला म्हणाली.

"कसं सांगणार?" राजन हळू बोलत होता, पायरीवर ऐकू जाऊ नये असं. "मला चुलीसमोर बसवून शिकवलं होतं, आजपासून बाबा म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. आई होस्टेलात, रविवारी फाटकाशी भेटायला मिळायची. मामा तुला कडेवर घेऊन जायचे, मी बोट धरून. एका रविवारी माझ्या तोंडून गेलं, बाबा, ती बघा आई आली. बाजूला दुसऱ्या नर्सा होत्या. आई तिथूनच मागे फिरली. आमच्याकडे न बघता आत निघून गेली. त्यानंतर मला कधी चुकायची हिंमत झाली नाही."

मग त्याने त्याचं म्हणणं मांडलं. विमा कंपनीत तो अधिकारी होता आणि मुद्दा मांडताना आवाज चढू न देण्याची त्याला सवय होती. थोड्या वेळात इस्पितळातून मंडळी येतील. नव्या मुलींना आईचं उदाहरण देतात. तिला मळवट भरलेलं बघून ती मंडळी काय समजतील? "मतलब, जे खरं आहे ते कुणीच समजणार नाही. भाऊ म्हणून राहत होता तो माणूस नवरा निघाला, एवढंच समजेल. त्यातही नवरा हे आपण म्हणतोय. लोक नवरा तरी म्हणतील का? आईने एवढी वर्षं सांभाळलं, ते आपण एका सकाळी घालवायचं?"

मावशी म्हणाली, आयुष्यभर खोटं वागली ती पोरांसाठी. निदान जाताना तरी खरी जाऊ दे. नवऱ्याच्या आधी जाणं बाई देवाकडे मागते. तिला ते मिळालंय आणि तुम्ही ते तिच्या कपाळावरून पुसायला निघालात.

"पुसलं तुम्हीच होतं," राजन म्हणाला.

शालिनीला मावशीची दया आली आणि राजनचंही खोटं वाटलं नाही. दोघं आपापल्या जागी खरी होती, आणि मधे आई पडून होती.

मावशीने पिशवीतून कुंकवाचा करंडा, हळदीची पुडी आणि हिरव्या बांगड्या काढल्या. येतानाच घेऊन आली होती. पण ते सगळं तिने ताटलीत ठेवून गिरिजाकडे सरकवलं. ती स्वतः विधवा, तिचा हात या कामाला चालत नव्हता. शालिनी अविवाहित. घरात सवाशीण एकच होती.

"गिरिजा, ते ठेव तिथंच," राजन म्हणाला.

गिरिजाने ताटली उचलली होती. तिने ती खाली ठेवली नाही, पुढेही गेली नाही. लग्नानंतर ती कामावर रुजू झाली तोवर नियम बदलून काही वर्षं झाली होती. लग्न झालेल्या मुलींना घेऊ लागले होते, होस्टेलची सक्ती गेली होती, आठ तासांची पाळी संपली की घरी. बाळंतपणाची रजासुद्धा मिळे. आईच्या वेळी नर्स म्हटलं की घरमालक खोली देत नसत आणि तिच्या हातचं पाणी घ्यायला बायका कां-कूं करत. आता गिरिजाला कॉलनीतल्या बायका सुई टोचून घ्यायला हौसेने बोलावत. पण पहिल्या दिवशी ती कडक इस्त्रीचा गणवेश घालून निघाली, तेव्हा आई तिला दारात थांबवून म्हणाली होती, ते आत घाल. मंगळसूत्र. गिरिजा त्या दिवशी वॉर्डाच्या मोरीत जाऊन रडली होती, हे शालिनीला तिनेच पुढे सांगितलं होतं.

"मला वाटायचं, आईंना माझं बघवत नाही," ती आता म्हणाली. "एवढी वर्षं मी तसंच मनात धरलं." मग नवऱ्याकडे न बघता तिने शालिनीला विचारलं, "वन्सं, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करते."

शालिनी दार उघडून बाहेर गेली.

मामा तसेच बसले होते. या माणसाने तिला वाढवलं होतं. आई वॉर्डात असताना स्वयंपाक यांनी केला, शाळेची तयारी यांनी करून दिली, डाव्या हाताने आणि दातांत रिबीन धरून वेण्या घातल्या. तिला त्यांच्याजवळ बसताना आज पहिल्यांदा कसं बसावं ते कळेना.

"मावशी बोलली वाटतं," ते म्हणाले.

"तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं म्हणणं कुणी विचारायची सवय मोडलीय गं."

ती उठली नाही. मग ते बोलायला लागले. नियम उठला तेव्हा त्यांनी ताराला म्हटलं होतं, की आता सांगून टाकू. लग्न झालेल्यांना घेतात, तर कोण काय म्हणेल. ती म्हणाली, लग्न झालेल्यांना घेतात, खोटं बोललेल्यांना घेत नाहीत. आणि इस्पितळाचं जाऊ दे, शालिनीला काय सांगू. तिला वाटतंय वडील वारले. तिला एकदम हा बाप आणून दाखवू, ज्याने बायकोला विधवा होऊ दिलं?

"तिने मलाच विचारायला हवं होतं," शालिनी म्हणाली.

"हो. पण तू लहान होतीस, मग मोठी झालीस, मग जास्तच मोठी झालीस." त्यांनी शाल सारखी केली. "कोल्हापूरला मोठं कुंकू लावायची. ठसठशीत. मला आता ते कपाळ आठवत नाही. कितीही डोळ्यासमोर आणलं तरी पांढरंच येतं."

शालिनी उठली. सुभेदार फाटकाशी सायकल धरून उभे होते. तिने त्यांना सांगितलं, हिरवं आणा. सुभेदारांनी एकदा तिच्याकडे, एकदा पायरीकडे पाहिलं. "आणतो, ताई," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकली.

राजनला तिने सांगितलं तेव्हा तो भांडला नाही. तो बाहेर जाऊन कुंपणाच्या भिंतीशी उभा राहिला, घराकडे पाठ करून.

गिरिजाने मावशीच्या पिशवीतलं हिरवं लुगडं आईला नेसवलं. बांगड्या हातात जाईनात. हात आखडले होते. तिने तळव्याला तेल चोळलं आणि वॉर्डातल्या म्हातारीशी बोलावं तशी हलकेच म्हणाली, जरा सैल सोडा, आई. एक एक करून बांगड्या चढल्या. मग मामांना आत बोलावलं. ते गुडघ्यावर बसले. डाव्या हाताची बोटं त्यांनी करंड्यात बुडवली आणि आईच्या कपाळावर टेकवली, आणि शालिनीला एकदम हबकल्यासारखं झालं. या दोघांना एकमेकांना हात लावताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. बहीण-भाऊ म्हणून कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. कुंकू भुवईवर सांडलं. गिरिजा पुसायला पुढे झाली, तर त्यांनी मान हलवली. राहू दे.

इस्पितळाची मंडळी आली तेव्हा ते तिथंच बसलेले होते. पुढे रत्नप्रभा सिस्टर, ग्वाल्हेरच्या मराठी, आईबरोबर त्याच वर्षी शिकायला लागलेल्या. लग्न केलेलं नाही, राहायला अजून होस्टेलातच. मागे तीन तरुण नर्सा, ड्युटीवरून तशाच आलेल्या, हातात गुलाबाचा हार. दारातून आत पाऊल टाकलं आणि सगळ्या जागच्या जागी थांबल्या. आईचं कपाळ भुवयांपर्यंत लाल होतं.

राजनही मागोमाग येऊन उंबऱ्यात उभा राहिला. आता कुणीतरी बोलायला हवं होतं. शालिनीने मावशीकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही. नर्सांपैकी एक इथली होती, एक केरळची, मराठी दोघींना कळलं नसतं.

"ये मेरे पिताजी हैं," ती म्हणाली.

समोरच्या माणसासाठी तो शब्द तिच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा गेला होता, आणि तो परभाषेत गेला. मामांनी वर बघितलं आणि परत मान खाली घातली.

मावशीने ओटीचं सामान पुढे केलं. तरुण नर्सांपैकी दोघींची लग्नं झालेली होती. गिरिजाने ओटी भरली, मग त्या दोघींनी. गणवेशाच्या पांढऱ्या साडीचा पदर खोचून खाली वाकल्या, तेव्हा त्यांची मंगळसूत्रं बाहेर आली आणि लोंबत राहिली. त्यांनी ती आत सारली नाहीत. तांदूळ आणि नारळ आईच्या पदरात घातले, पाया पडल्या. त्यांना नवल वाटलं होतं, पण वेगळंच. त्यांतली इथली मुलगी गिरिजाच्या कानाशी लागली, पण खोली एवढी शांत होती, की सगळ्यांना ऐकू गेलं. यात लपवण्यासारखं काय होतं, असं तिने विचारलं होतं. साधेपणानेच विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

रत्नप्रभा सिस्टर अजून दारातच होत्या.

"मला इंदूरचं स्थळ आलं होतं," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, आईकडे बघत. "माणूस चांगला होता. वर्षभर थांबायला तयार होता. पण लग्न करायचं तर नोकरी सोडायला लागणार. आम्ही दोघी ड्रेसिंगच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होतो, तेव्हा मी हिला विचारलं, तारा, काय करू. तू संसार बघितलायस, तूच सांग. ही म्हणाली, नाही म्हण. नोकरी सोडू नकोस. संसारात काही नसतं."

गिरिजाचा हात तोंडावर गेला होता.

"मी नाही म्हटलं," रत्नप्रभा सिस्टर म्हणाल्या.

त्या पुढे आल्या, खाली बसल्या. आईच्या हिरव्या काठाची घडी विस्कटली होती, ती त्यांनी चादरीची करतात तशी तळहाताने सपाट केली. मग हात मागे घेतला. इतका वेळ त्यांनी श्रीपादरावांकडे नीट बघितलंही नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी या माणसाच्या हातचा चहा कितीदा घेतला असेल, घरी आल्या की त्यांना भैया म्हणून हाक मारत होत्या. आता त्यांच्याकडे वळून त्यांनी विचारलं.

"निदान तुमचा संसार तरी बरा झाला का?"

शालिनीला वाटलं, ते हो म्हणतील. म्हणावं असं तिला फार वाटलं. आईच्या कपाळावर ते कुंकू होतं, ओटी भरली होती, आता यांनी एक हो म्हटलं असतं तर सगळं कुठेतरी टेकलं असतं.

"होस्टेल सुटल्यावर ती ड्युटीवरून घरी यायची," ते म्हणाले. "मी ताट वाढायचो. मुलं समोर असायची. मला काही सांगायचं झालं तर ती मुलांना सांगायची, मामांना म्हणावं मीठ कमी आहे, मामांना म्हणावं उद्या लवकर जायचंय. मीही मुलांनाच सांगायचो. मुलं मोठी होऊन गेली. मग दोघंच उरलो, तर काय बोलायचं ते आम्हाला सुचेना. एवढंच."

बाहेर सुभेदार राजनला हळूच सांगत होते, की उशीर नको. राजन आत आला आणि आईच्या डोक्याशी उभा राहिला.

रत्नप्रभा सिस्टर श्रीपादरावांकडेच बघत होत्या.

"म्हणजे खोटं बोलली नव्हती मला," त्या म्हणाल्या.